टेकूंमधली वास्तुशांत

कराडजवळच्या मलकापूरला हायवेच्या कडेला राहणाऱ्या माणसाला देशाची प्रगती वेगळी सांगावी लागत नाही. ती सकाळी खिडकीच्या गजांवर बसलेली असते. बोटानं पुसली की बोट पांढरं होतं. जुना उड्डाणपूल पाडला, आता त्याच्या जागी नवा, जास्त लांबीचा उभा राहतोय. त्यापायी माझी बायको कपडे घरातच दोरी बांधून वाळत घालायला लागली, त्याला बरेच महिने झाले. मी धुळीबद्दल कुरकुर केली की ती म्हणते, ‘तुम्ही कशाला बोलताय? आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात तेच केलंत.’ बरोबर आहे तिचं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, घरं बांधणारा लहान कॉन्ट्रॅक्टर. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत माझ्या हातची घरं आहेत, पण कुणी मुद्दाम थांबून बघावं असं त्यात एकही नाही. छत गळत नाही आणि दारं घासत नाहीत, इतकंच.

मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिला मोठ्यानं वाचायची सवय आहे आणि आमचं घर लहान आहे, त्यामुळे तिचं अर्थशास्त्र मलाही फुकटात मिळतं. बांधकाम वाढलं की सिमेंट वाढतं, लोखंड वाढतं, ट्रक वाढतात, फरशी, रंग, नळ, वायर सगळ्यांना काम मिळतं, मजुराच्या हातात मजुरी पडते, तो बाजारात खर्च करतो, आणि अशानं देशाचं उत्पन्न वाढतं. मी भाकरी मोडता मोडता ऐकतो. सगळं खरं आहे. माझ्या एका साध्या घरापायी किती जणांची चूल पेटते ते मी बघितलंय. साइटसमोर चहाची टपरीसुद्धा दोन दिवसांत उभी राहते. पण तिच्या पुस्तकात सेंट्रिंगच्या प्लेटांबद्दल काही नसतं. माझं नाव ज्यापायी खराब झालं ते सगळं त्या प्लेटांपासून सुरू झालं, म्हणून सांगतो.

स्लॅब टाकताना खाली लोखंडी प्लेटा अंथरतात आणि त्यांना खालून टेकू देतात. वर ओला माल, म्हणजे काँक्रीट, पडतो. तो दुसऱ्या दिवशी कडक दिसतो, त्यावर चालता येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं झालं काम. पण पुढे कितीतरी दिवस ते छत भिंतींवर नसतं, टेकूंवर असतं. ते दिवस भरल्याशिवाय टेकू काढायचे नाहीत. आमच्या धंद्यातलं शहाणपण बरंचसं एवढंच आहे. या प्लेटा आणि टेकू कुणाच्या घरचे नसतात, भाड्यानं येतात. एका घराचे निघाले की दुसऱ्या घराला लागतात. आणि सगळीकडे एकदमच बांधकाम निघालं, हायवे निघाला, गटारं निघाली, गावोगाव सभामंडप निघाले, की प्लेटा मिळेनाशा होतात. माणसंही मिळत नाहीत. ज्या वर्षी टीव्हीवर विकास जोरात असतो, त्या वर्षी माझ्या साइटवर कुत्रं फिरकत नाही.

अशाच एका वर्षी मी कृष्णाकाठच्या एका गावात, सांगलीच्या बाजूला, एका फौजीचं घर बांधत होतो. तिकडे घरटी एक जण तरी फौजेत असतो आणि शेतात ऊस असतो. या फौजीचे वडील, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, घरावर रोज हजर असायचे. उसाला पाणी द्यायचं विसरतील, पण भिंतीला पाणी मारायला विसरायचे नाहीत. त्यांचं स्वप्न साधं होतं. पोरगा उन्हाळ्यात रजेवर येणार, त्याच्या हातून वास्तुशांत करायची आणि तो जायच्या आधी सगळ्यांनी एकदा तरी नव्या छताखाली झोपायचं. पोरगा गेली कैक वर्षं बराकीत झोपत होता. त्याचं स्वतःचं एक घर आहे, हे त्यानं अंग टाकून बघावं, असं आप्पा म्हणायचे. मलाही ते पटायचं.

फौजीनं कुठे तरी मोबाइलवर बिनखांबांचा मोठा हॉल बघितला होता. ‘मधे खांब नको,’ एवढीच त्याची अट. मी मधे एक जाड तुळई, म्हणजे काँक्रीटचा बीम, दिली, सळई वाढवली. कागदावर ते काम व्यवस्थित होतं. सगळं वेळेत झालं असतं, पण स्लॅबच्या तोंडावर माझी विजापूरकडची टोळी हायवेवर गेली. मुकादमाचं म्हणणं, तिकडं रोजचं काम आहे, तुमचं कधी आहे कधी नाही. त्याच्याशी काय भांडणार? त्यालाही पोरंबाळं आहेत. प्लेटावाला रोज उद्या म्हणायचा. शेवटी मेढ्याच्या वरच्या अंगाला एका रिसॉर्टचं छत झालं होतं, तिथल्या प्लेटा मी स्वतः टेम्पो घेऊन उतरवून आणल्या.

स्लॅब पडला तेव्हा फौजीची रजा निम्मी सरली होती. आप्पांनी गुरुजींना विचारून मुहूर्त काढला. तो होता रजेच्या शेवटच्या दिवशी. मी सांगितलं, ‘आप्पा, टेकू निघायचं न्हाईत.’

‘कवा निघतील?’

‘पोरगा गेल्यावर.’

आप्पांनी तुळईकडे बघितलं. मग म्हणाले, ‘मग टेकूसकट करू. टेकू काय जेवायला मागतंय व्हय?’

मला हसू आलं आणि मी हो म्हटलं. भिंतींना गिलावा नाही, खाली फरशी नाही आणि हॉलमधे टेकूंचं रान, अशात वास्तुशांत! पण आमच्याकडे मुहूर्त आणि रजा या दोन गोष्टी पुढे ढकलता येत नाहीत. बाकी सगळं ढकलता येतं. मी एकच बजावलं, टेकूला कुणी हात लावायचा नाही. आप्पांनी मान डोलावली. त्यांनी ती खोटी डोलावली असं मला आजही वाटत नाही.

त्या दिवशी सकाळी मी आधी तिकडे गेलो. बायकांनी टेकूंना आंब्याचे डहाळे बांधले होते आणि एकेका टेकूला हळदीकुंकू लावलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या सेंट्रिंगला कुणी कुंकू लावलं नव्हतं. पाहुणे टेकूंमधून वाकून, वळून ये-जा करत होते, डोकी आपटून घेत होते आणि हसत होते. फौजीची बायको फलटणकडची. तिची आई टेकूला टेकून बसली होती, आणि मी बघितल्यावर लाजून उठली. फार दिवसांनी मला आपल्या कामाबद्दल बरं वाटलं. जेवायला येतो म्हणून सांगून मी कराडच्या साइटवर गेलो, कारण तिथला मिक्सर बंद पडला होता.

परत आलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. अंगणात चपलांच्या शेजारी माझे टेकू आडवे पडलेले. आत शिरलो तर हॉलचा मधला भाग मोकळा. एका कडेला होम चाललेला, फौजी सोवळं नेसून बसलेला, त्याच्या उपरण्याला बायकोच्या पदराची गाठ मारलेली. आणि बरोबर तुळईखाली पंगतीच्या पट्ट्या अंथरलेल्या. म्हाताऱ्या माणसांची पहिली पंगत बसलीसुद्धा होती. वरून धपधप आवाज येत होता. पोरं आणि बाया गच्ची बघायला चढल्या होत्या. गच्चीवर स्लॅब भिजत ठेवायला मी आळी करून पाणी भरलं होतं, आणि कठड्यासाठी चढवलेल्या विटाही तिथेच होत्या.

‘टेकू कुणी काढलं?’

भावकीतला एक जण हातात बुंदीचं भांडं घेऊन उभा होता. ‘आवं, पंगतीला आडवं येत हुतं. मधलंच काढल्यात. कडंचं हायत की!’

‘कुणाला इचारलंस?’

‘आप्पांनीच सांगितलं. पयली पंगत नव्या छताखालीच बसाय पायजे म्हणून.’

मी आधी हळू बोललो. सगळे बाहेर या, म्हटलं. कुणी हललं नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं. गुरुजींनी हात वर केला, पूर्णाहुती होऊ द्या, थोडंच राहिलंय. आप्पा माझ्याजवळ आले, कानाशी बोलले, ‘आवं, होमावरनं उठत्यात व्हय कोन? दम धरा जरा.’ तेव्हा माझा तोल गेला. मी गावासमोर ओरडलो, आप्पांना नको ते बोललो, पंगतीतल्या एका म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं. त्याच्या हातातला घास खाली पडला.

फौजीनं मान वर केली. तो पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलला. ‘पडंल?’

‘म्हाईत न्हाई,’ मी म्हटलं. ‘पर कुणी आत थांबू नका.’

मी ‘पडेल’ म्हणालो असतो तर कदाचित त्यानं वाद घातला असता. तो उठला. गाठ तशीच होती, त्यामुळे बायकोलाही उठावं लागलं, तिच्या मुठीत अक्षता होत्या. तो दारात उभा राहून गच्चीच्या दिशेनं ओरडला, ‘समद्यांनी खाली. एकेक करून. पळायचं न्हाई.’ त्याच्या आवाजात काहीतरी असं होतं की भांडणं, शंका सगळं थांबलं. माणसं खाली आली, पंगत उठली, गुरुजी हातातला पळीपंचपात्राचा पसारा तसाच टाकून बाहेर आले.

मग आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहून त्या छताकडे बघत राहिलो.

छत काही पडलं नाही. खिडकीतून होमाचा धूर येत होता, तो हळूहळू विरळ झाला. माणसांची सावलीसाठी चुळबूळ सुरू झाली. कुणाचं तरी लेकरू भुकेनं रडायला लागलं. भावकीतला तो बुंदीवाला म्हणाला, ‘पडतंय का बघा की नीट. का आमच्यावर रुसलंय?’ आणि लोक हसले. एवढा वेळ घाबरलेली माणसं हसतात तशीच हसली, त्यांना दोष देत नाही मी. पण ते हसू माझ्या अंगावर आलं.

कुणीतरी आत जाऊन टेकू परत लावायला हवे होते. माझी टोळी हायवेवर. मी एकटाच उचलायला लागलो, तर फौजी सोवळ्यातच माझ्यामागून आला. त्यानं गाठ सोडली होती. दारात त्याची आई किंचाळत होती, जाऊ नको म्हणून. आम्ही दोघांनी एकेक टेकू तुळईखाली उभा केला, स्क्रू फिरवून आवळला. शेवटचा टेकू आवळून झाला तेव्हा होम विझला होता.

गुरुजी म्हणाले, मोडलेला विधी पुढे नेता येत नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, वेगळ्या मुहूर्तावर. दुसऱ्या दिवशी फौजीची गाडी मिरजेहून होती. त्या रात्री तो जुन्या घरातच झोपला आणि निघून गेला. पुढच्या वर्षी त्याची रजा मंजूर झाली नाही, तेही त्याच्या आईनं त्या मोडलेल्या होमाला चिकटवलं. आप्पांनी उरलेलं काम दुसऱ्याला दिलं. त्यांनी माझं काही वाईट बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही. त्याची गरजही नव्हती. बोलायला सगळं गाव होतं.

आमच्याकडे घर बांधणाऱ्याची जाहिरात पेपरात येत नाही. लग्नात, बाराव्याला, दवाखान्यात भेटणारी माणसं सांगतात, हा चांगला, तो नको. माझ्याबद्दल ती सांगायला लागली, की तो होय, त्यानं वास्तुशांतीत होमावरनं माणसं उठवली. आणि छत तर पडलंच नाही. हा दुसरा भाग सांगताना माणसं हात झटकतात, मी बघितलंय. पडलं असतं तर मी देवमाणूस ठरलो असतो. घरं मिळायची हळूहळू थांबली. पायाभरणीला मला बोलावलं की यजमानाची आई आतून काही तरी म्हणायची आणि पुढच्या आठवड्यात फोन यायचा, जरा थांबू या म्हणून. शेवटी मी हायवेवरच्या एका मोठ्या कंत्राटदाराकडून सर्व्हिस रोडच्या गटाराचं काम घेतलं. आता मीही देशाच्या वाढीत थेट हातभार लावतो. गटाराची वास्तुशांत कुणी करत नाही, तेवढा एक आराम आहे.

मुलीला हे सगळं माहीत आहे. एकदा वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, ‘पप्पा, गंमत बघा. तो स्लॅब पडला असता ना, तर मलबा उचलणारा जेसीबी, नवीन सिमेंट, नवीन सळई, पुन्हा मजुरी, सगळं देशाच्या उत्पन्नात धरलं गेलं असतं. दवाखान्याचा खर्चसुद्धा. पडला नाही त्याची नोंद कुठेच नाही.’

‘मग आपल्या पुलाचं?’ मी खिडकीबाहेर बघत विचारलं. ‘बांधला ते धरलं असेल.’

‘हो.’

‘पाडला ते?’

‘पाडायचं पण कामच झालं की.’

‘आणि आता परत बांधतात ते?’

ती हसली. बायको दोरीवरचे कपडे काढत होती, ती म्हणाली की धुळीचं पण धरा मग, मी रोज पुसते ते. मुलीनं सांगितलं, मम्मी, घरातलं धरत नाहीत. बायकोनं कपडे झटकून घडी घालायला घेतले.

या वर्षी, गटाराच्या कामावर असताना, आप्पांचा फोन आला. आवाज लगेच ओळखला. फौजी आता निवृत्त होऊन येणार होता आणि वरचा मजला चढवायचा होता. नवा कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता, खालचं काम माझं नाही, तुळई किती वजन घेईल मी कसं सांगू, ज्यानं केलंय त्यालाच विचारा. आप्पा म्हणाले, ‘तेवढं येऊन बघून जावा. दुसरं काय न्हाई.’ दुसरं काय न्हाई, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी गेलो. घराला गिलावा झाला होता, पिस्ता रंग दिला होता, हॉलमधे सोफा आणि फौजीचा मेडल लावलेला फोटो. आप्पा वाकले होते. फौजीची आई स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता, पण ती बाहेर आली नाही. मी खुर्चीवर चढून टॉर्चनं तुळई बघितली. हातोडीनं ठोकून बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरली, मधे कुठे झोल आहे का म्हणून. हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी भेग शोधत होतो. केसाएवढी चालली असती. मधोमध एखादी बारीक रेघ सापडली असती तर मी आप्पांना बोलावून दाखवली असती, हे बघा, त्या दिवशी हे सुरू झालं होतं. त्या रेघेसाठी त्यांचा वरचा मजला राहिला तरी मला चाललं असतं, इतका मी आतून थकलो होतो.

भेग नव्हती. दोरी तुळईला सगळीकडे सारखी चिकटलेली होती. खुर्चीवरून उतरताना माझा गुडघा वाजला.

‘काय म्हंता?’ आप्पांनी विचारलं.

‘घेईल वजन. बिनघोर चढवा.’

त्यांनी सुस्कारा सोडला. मग जमिनीकडे बघत म्हणाले, ‘म्हंजी त्या दिवशी बी पडला नसता?’

मला सांगता आलं असतं. तुळई सरळ आहे, कारण तुमच्या पोरानं आणि मी तेव्हाच टेकू परत लावले. कच्च्या स्लॅबवर पाणी होतं, विटा होत्या, माणसं होती. अजून तासभर तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. हे सगळं मी मनात इतक्या वेळा बोललो होतो की पाठ झालं होतं. पण समोर एक म्हातारा उभा होता, ज्याला पोराच्या मोडलेल्या होमाचं ओझं कुठेतरी उतरवायचं होतं, आणि माझ्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं.

‘न्हाई आप्पा,’ मी म्हटलं. ‘नसता पडला.’

ते लगेच वळले. मी दारात चपला घालत होतो, तोवर ते स्वयंपाकघरात पोहोचलेही. आत भांड्यांचा आवाज थांबला आणि त्यांचा मोठा, मोकळा आवाज ऐकू आला, ‘आगं, ऐकलंस का? त्येंनी कबूल केलं.’